सतार घाटाखाली नेताना

पत्र : माझ्याकडे नऊ वर्षांपूर्वी घेतलेली मिरजेची सतार आहे. यजमानांची बदली रत्नागिरीला झाली असून जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बिऱ्हाड हलवतोय. तिथलं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. गुरुजी कोल्हापुरातच असल्यानं दर पंधरा दिवसांनी सतार घेऊन शिकवणीला यायचा विचार आहे. सतारीच्या पेटीत तांदळाची पुरचुंडी ठेवा असं एकानं सांगितलं, एसीच्या खोलीतच ठेवा असं दुसऱ्यानं. सासूबाई म्हणतात खोबरेल तेलाचा हात फिरवत जा. नेमकं काय करू? मुलीचं व्हायोलिनही बरोबर आहे. शिवाय घरात सासऱ्यांचा जुना तंबोरा आहे, त्याच्या भोपळ्याला केसासारखी चीर गेलीय. तोही न्यावा का?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी रेघ मारून ठेवली आहे : ‘दर पंधरा दिवसांनी सतार घेऊन शिकवणीला यायचा विचार आहे.’ तुम्हाला धास्ती आहे रत्नागिरीच्या हवेची. मला धास्ती वाटली ती या येण्याजाण्याची.

दमट हवेत तारवाद्यं नांदत नाहीत असं अजिबात नाही. कोलकात्यात पिढ्यानपिढ्या सतारी आणि सरोद घडतात, आणि तिथली हवा आपल्यापेक्षा कितीतरी घामट. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची, तीही तसल्याच मुलखातली. लाकूड एका हवेला सरावतं. वेळ दिला की त्या हवेला साजेशी ओल पिऊन ते स्वस्थ बसतं. सरावलेल्या हवेतून उचलून भर्रकन दुसऱ्या हवेत नेलं की त्याचे हाल सुरू होतात, आणि ओलीतून कोरडीत नेलं तर सगळ्यात जास्त.

म्हणून आधी एवढं करा : सतार एकदाच घाट उतरवा आणि तिथंच ठेवा. शिकवणीला याल तेव्हा मोकळ्या हातानं या. बहुतेक गुरुजींकडे शिष्यांसाठी एखादी सतार असते. नसेल तर त्यांच्याशी मोकळेपणानं बोला, कुणा गुरुबंधूची सतार दोन तासांसाठी नक्की मिळेल. परक्या सतारीवर हात बसायला पहिली दहा-पंधरा मिनिटं जातील. पडदे (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जरा इकडेतिकडे लागतील, मींड (तार बाजूला ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर जाणं) कमीजास्त ओढावी लागेल. मी स्वतः शिकत असताना तीन वेगवेगळ्या सतारींवर शिकले आणि त्यानं माझा कान उलट जागा झाला. तुमचंही काही बिघडणार नाही. सतारीचं मात्र वर्षाला पंचवीस वेळा घाट चढून-उतरून नक्की बिघडेल.

यामागचं कारण जरा सविस्तर सांगते, म्हणजे पुढची पथ्यं लक्षात राहतील.

लाकूड लांबीत जवळपास फुगत नाही. फुगतं ते रुंदीत, रेषांना आडवं. मार्च-एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे हवेची आर्द्रता तिशी-पस्तिशीत उतरते. अशा हवेत लाकडात त्याच्या वजनाच्या साधारण ७ टक्के पाणी असतं. भर पावसाळ्यात कोकणात आर्द्रता ८५ च्या आसपास राहते, आणि त्या हवेत पुरेसे दिवस राहिलेल्या लाकडातलं पाणी १७-१८ टक्क्यांपर्यंत चढू शकतं. पॉलिशमुळं हे सगळं सावकाश होतं, थांबत मात्र नाही. ओल १ टक्क्यानं वाढली की लाकूड रुंदीत ढोबळमानानं पाव टक्का वाढतं. तुमच्या सतारीची तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, फूटभर रुंद धरा. ओल नुसती ४ टक्के वाढली तरी तिला दोन-तीन मिलिमीटर जास्त जागा हवी असते, आणि ती मिळत नाही, कारण चारी बाजूंनी ती सरसानं, म्हणजे लाकूड चिकटवायच्या गोंदानं, धरलेली. मग ती मधोमध वर उचलते. तिच्यावरची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) उचलते, तारा पडद्यांपासून दूर जातात, मींड ओढताना बोटाला जड लागतं, जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारी झणझण, बसल्यासारखी वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये हे सगळं तुम्हाला जाणवेल. त्यानं घाबरून जाऊ नका.

इथवर काही मोडलेलं नसतं. पण आत एक गोष्ट घडून गेलेली असते. फुगायला जागा न मिळालेलं लाकूड स्वतःच्याच दाबानं आतल्या आत चेपतं. पुढं हवा कोरडी झाली की हे चेपलेलं लाकूड आकसतं, आणि पूर्वीच्या मापाहूनही थोडं लहान होऊ पाहतं. कडा तर तशाच धरलेल्या, मग ताण येतो आणि चीर जाते. पावसात भिजट झालेली वाद्यं दिवाळीनंतर तडकतात ती यामुळं. लोक मात्र थंडीला बोल लावतात.

हे मी माझ्याच तंबोऱ्यावर भोगलंय. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं ते तुमच्या डोळ्यांसमोर असेल. आमच्या घरात पाणी आलं नव्हतं, पण खालच्या खोलीच्या भिंती छातीएवढ्या उंचीपर्यंत ओलावल्या होत्या. कोपऱ्यात तंबोरा गवसणीत उभा होता. आठ दिवस त्याच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. गवसणी काढली तेव्हा भोपळ्यावर तांदळाचं पीठ भुरभुरावं तशी पांढरी बुरशी, कुबट वास, आणि चारी खुंट्या जाम. पण मी हात फिरवून फिरवून बघितलं, चीर एकही नव्हती. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि मला वाटलं आता वाळवून घेऊ. गच्चीवर सतरंजी घालून तंबोरा आडवा ठेवला. दुपारी दोनच्या सुमाराला जिन्यात असताना वरून आवाज आला, वाळलेली शेंग फुटावी तसा. धावत वर गेले. भोपळ्याच्या देठापासून वीतभर चीर सरळ खाली उतरली होती. आठ दिवसांच्या ओलीनं जे केलं नव्हतं ते एका दुपारच्या उन्हानं केलं. मिरजेत ती सांधून मिळाली, तंबोरा आजही वाजतो, पण खर्जाची आस, म्हणजे छेडल्यावर रेंगाळणारा सूर, पूर्वीसारखी लांबत नाही. अजूनही तो जुळवताना माझं बोट त्या सांध्यावर जातं.

तुमच्या सतारीचा भोपळाही बहुधा पंढरपूर-मंगळवेढा भागातलाच. मिरजेच्या वाद्यांचे भोपळे तिकडच्या कोरड्या रानातून येतात, आणि वाद्याला लागण्याआधी चांगले वाळवलेले असतात. लाकूड तुणीचं असेल. घडलीय ती मिरजेत, जिथं वर्षातले सात-आठ महिने हवा कोरडीच. थोडक्यात तुमची सतार जन्मानं घाटावरची आहे. तिला खालच्या हवेची ओळख हळूहळू करून द्यायला हवी.

त्या दृष्टीनं जूनचा पहिला आठवडा वाईट नाही. मे महिन्यात वळवाच्या सरी सुरू होतात, कोल्हापूरची हवाही कोरडेपण सोडायला लागते. जुलैत तर आपल्याकडचा पाऊस काही कोकणाला मान खाली घालायला लावेल असा नसला तरी हवा तितकीच ओलसर, कपडे वाळत नाहीत ते दोन्हीकडं. घाटावरची आणि घाटाखालची हवा यांत खरी तफावत पडते ती फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. तेव्हा इकडं दुपारी तीस-पस्तीस आणि तिकडं साठीच्या वर. समजा कधी सतार आणावीच लागली, तर त्या तीन महिन्यांत शक्यतो आणू नका.

निघायच्या आधी पंधरा-वीस दिवस एकदा मिरजेला जाऊन या. तास-दीड तासाचा रस्ता आहे. तिथल्या सतारमेकर मंडळींकडे दीडशेहून जास्त वर्षांचं हाताचं ज्ञान आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्यांनी सतार घडवली त्यांच्याकडेच न्या आणि तबलीच्या कडा तपासून घ्या. घरीही बघता येईल : बोटाचं पेर वाकवून तबलीच्या कडेकडेनं हलकेच टिचक्या मारत जा. सांधा पक्का असेल तिथं आवाज भरीव येतो. सुटला असेल तिथं जरा चिरका, खुळखुळल्यासारखा येतो. असा सुटलेला सांधा आत्ताच सरस घालून बसवून घ्या, कारण ओली हवा आधी तिथूनच शिरते. एक मात्र करू नका. जवारी आत्ता काढून, म्हणजे घोडी घासून नीट करून, घेऊ नका. रत्नागिरीत तबली उचलली की घोडीचा कोन बदलणार आणि आत्ताची मेहनत वाया जाणार. तिथं गेल्यावरही जवारी बिघडली म्हणून लगेच घोडी घासायला देऊ नका. घासलेली घोडी परत भरून येत नाही. पावसाळा संपू द्या, नोव्हेंबरात तबली खाली बसली की मग बघा. निम्म्या वेळा जवारी आपली आपणच मोकळी झालेली असते.

प्रवासाचं सांगते. सतार गाडीच्या डिकीत ठेवू नका, मागच्या सीटवर आडवी ठेवा. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीच्या आत पारा ६० अंशांच्या आसपास जातो, आणि सरस ऊब आणि ओल मिळाली की मऊ पडतो. मलकापूरला किंवा आंब्याला चहाला थांबलात तर गाडी सावलीत लावा, नाहीतर एकानं गाडीपाशी थांबा. तारा दोन-तीन सुरांनी उतरवा, पण ढिल्या सोडू नका, घोडी जागेवर राहील एवढा ताण हवा. वरचा भोपळा काढून वेगळा गुंडाळा. खुंट्यांना पेटीचा धक्का लागू नये म्हणून मानेखाली टॉवेलची घडी घाला. एसटीनं जात असाल तर सतारीसाठी वेगळी सीट काढा. पैसे जातील, पण टपावर टाकलेल्या सतारी मी बघितल्यात.

गाडीत एसी लावलात तर एक गोष्ट कटाक्षानं पाळा. घरी पोचल्यावर पेटी लगेच उघडू नका. रत्नागिरीची हवा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची असेल तर त्या हवेतलं पाणी २६ अंशाला दवासारखं जमायला लागतं. एसीतली सतार असते २३-२४ अंशांवर. पेटी उघडताक्षणी तारांवर, पडद्यांवर, पॉलिशवर घाम फुटतो, फ्रिजमधला तांब्या बाहेर काढल्यावर फुटतो तसा. पेटी बंद ठेवून दोन-तीन तास खोलीत राहू द्या. एवढा धीर धरला की निम्मं काम झालं.

आता घर. सतारीची जागा ठरवताना समुद्राकडची भिंत टाळा. पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा मार बसतो आणि ती आतून ओल ओकत राहते. आतल्या बाजूची भिंत निवडा, भिंतीपासून वीतभर अंतर सोडा आणि जमिनीवर ठेवू नका, कोकणातल्या फरशीला पावसाळ्यात घाम येतो. लाकडी पाट किंवा बैठं स्टूल चालेल.

पेटीत ठेवावी की बाहेर, याचं उत्तर महिन्याप्रमाणं बदलतं, आणि ते डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, काही शे रुपयांत मिळतो. या पत्राला दिलेल्या उत्तरातली एकच वस्तू विकत घेणार असाल तर ही घ्या. स्वस्तातले काटे पाच-दहा आकड्यांनी चुकतात, म्हणून तो आधी मिठानं तपासून घ्या. बाटलीच्या बुचात साधं मीठ भरा, त्यावर पाण्याचे चार-पाच थेंब टाका, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. ते बूच आणि काटा एका झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवून पिशवी घट्ट बंद करा आणि रात्रभर राहू द्या. भिजलेल्या मिठावरची कोंडलेली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. हा निसर्गाचाच मापदंड आहे. सकाळी काटा ७० दाखवत असेल तर तुमचा काटा ५ नं कमी सांगतो हे कळलं. चिकटपट्टीवर ‘५ मिळवा’ असं लिहून मागं लावून टाका.

पेटीत ४५ ते ६० च्या दरम्यान आकडा असला की निर्धास्त राहा. ७० च्या वर चार-आठ दिवस राहिला की बुरशी धरते. ४० च्या खाली जाऊ लागला की चिरांची भीती. या आकड्यांवरून पुढचं सगळं ठरवायचं.

पावसाळ्यात पेटीतली ओल ओढायला सिलिका जेलचे दाणे वापरा, पण मापानं. बुटांच्या खोक्यात येतात त्या चिमूटभर पुड्यांचा काही उपयोग नाही. का, ते सांगते. ३० अंशांच्या हवेत घनमीटरला जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी मावतं. सतारीच्या पेटीतली सगळी हवा धरली तरी पाणी फार तर चमचाभर. खरं पाणी लाकडात आणि पेटीच्या मखमली अस्तरात असतं. अडीच-तीन किलो लाकडाची ओल ३ टक्क्यांनी उतरवायची म्हणजे ७५ ते ९० ग्रॅम पाणी बाहेर काढायचं. चांगला सिलिका स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी पितो. म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या खाली बोलायचंच नाही. जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या दोन पोटल्या शिवा, एक मानेखाली, एक भोपळ्याच्या बाजूला, लाकडाला थेट टेकणार नाही अशी. केशरी दाण्यांचा सिलिका घ्या, पाणी प्यायला की तो हिरवट पडतो. निळा असतो त्यात कोबाल्ट असतं, घरात मूल आहे तर तो नको. रंग पालटला की स्वयंपाकाला न वापरायच्या कढईत मंद आचेवर हलवत राहा, किंवा ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवा, परत केशरी होतो. गार झाल्यावरच पेटीत ठेवा. आणि ऑक्टोबरात काटा ५० च्या खाली यायला लागला की पोटल्या काढून टाका. विसरून तशाच राहिल्या तर त्याच सतारीला चीर पाडतील.

अस्तर ही दुर्लक्षित गोष्ट आहे. पावसात दमट झालेलं मखमल आठवडाभर ओल धरून ठेवतं आणि बंद पेटीत ती सतारीलाच पाजत राहतं. ऊन पडेल त्या दिवशी सतार घरातच, सावलीत ठेवा आणि रिकामी पेटी उन्हात उघडून ठेवा.

काही घरांत कपाटात दिवा लावून ठेवायची जुनी रीत आहे, तीत तथ्य आहे. हवा तापली की तिची आर्द्रता उतरते : २८ अंश आणि ८५ टक्क्यांची हवा ३३ अंशांवर नेली की ६४ टक्क्यांवर येते, पाणी एक थेंबही न काढता. पण त्याला तारेचा जुना बल्ब लागतो, एलईडीनं ऊब येत नाही. शिवाय बंद कपाटात पेटता बल्ब आणि वर गवसणीचं कापड हा आगीशी खेळ आहे. कोकणात वादळात दिवे जातात-येतात तेही धरा. मी हे सुचवणार नाही. खोलीतली ओल ओढणारं यंत्र, डीह्युमिडिफायर, परवडत असेल तर घ्या आणि ५५ वर लावा. रोज त्यातून निघालेलं पाणी बघितलंत की कुठल्या हवेत सतार ठेवली होती हे पटेल.

एसीच्या खोलीबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं ते अर्धं खरं आहे. एसी हवा कोरडी करतो. पण तुम्ही तो चोवीस तास चालवणार आहात का? रात्री दहा ते सकाळी सहा लावायचा, दिवसभर खिडक्या उघड्या, म्हणजे सतारीला रोजच घाट चढायचा-उतरायचा. त्यापेक्षा एसी नसलेल्या खोलीत, बंद पेटीत, पोटल्या घालून ठेवलेली बरी.

तांदूळ नको. घरातल्या तांदळातच १२-१३ टक्के पाणी असतं, आणि रत्नागिरीच्या स्वयंपाकघरातला तांदूळ त्या हवेची ओल आधीच पिऊन बसलेला असतो. वर पोरकिडे होतात.  डांबरगोळ्या किड्यांना हटवतात, ओलीशी त्यांचा संबंध नाही.

सासूबाईंच्या मनात माया आहे, आणि हाताला तेल लावून सतार वाजवायची रीतही आहे. पण लाकडाला खोबरेल चोळू नका. पॉलिशमधून ते आत जात नाही, वर धूळ धरतं, आणि सांध्यात उतरलं तर पुढं कधी सरस घालायची वेळ आली की तेलकट लाकडाला सरस धरत नाही. कारागीर बिचारा खरवडत बसतो. पॉलिशवर पावसात पांढुरकी झाक आली तर चोळू नका. हवा कोरडी झाली की बहुतेक वेळा आपोआप जाते. बुरशी दिसली तर मऊ कोरड्या ब्रशनं, अंगणात, तोंडाला रुमाल बांधून झाडा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर मुळीच लावू नका, लाखेचं पॉलिश त्यात विरघळतं.

खुंट्या पावसाळ्यात फुगून जाम होतील. जोर लावून पिळू नका, खुंटी तुटली तर एकवेळ नवी मिळते, मान चिरली तर नाही. उलट दिशेला किंचित फिरवत बाहेर ओढा, सुटली की जिथं घासते तिथं शिसपेन्सिल फिरवून परत बसवा. खडू आपण घसरणाऱ्या खुंटीला लावतो, तो कोरड्या दिवसांचा उपाय, इथं उलट काम करेल. तरफा, म्हणजे पडद्यांखालच्या बारीक तारा, गंजणार हे धरूनच चला. दांडी आतून पोकळ आणि तरफांच्या भोकांतून खारी हवा आत-बाहेर करते. वाजवून झालं की सुती फडक्याची चिंधी तरफांखालून सरकवून पुसा, मुख्य तारा आणि पडदेही. तरफांचा एक जादा संच जवळ ठेवा. आणि रोज वाजवा, थोडं का होईना. वाजणाऱ्या वाद्याकडं रोज आपलं लक्ष असतं, बुरशीचा पहिला ठिपका आणि सुटलेला पहिला सांधा त्याच दिवशी दिसतो.

मुलीच्या व्हायोलिनचं सोपं आहे, कारण त्याची पेटी लहान आणि शंभर ग्रॅम सिलिकाही पुरतो. पण त्याला छातीवर दोन भोकं आहेत आणि आतलं लाकूड कोरं, पॉलिश नसलेलं. ओल आत झटकन शिरते. कडेचा सांधा सुटला तर मुलीला सांगा, रडायचं नाही : व्हायोलिनचे सांधे मुद्दामच अशा सरसानं जोडतात की ताण आला तर सांधा सुटावा, लाकूड फाटू नये. परत जोडता येतो. तारा मात्र सगळ्या एकदम उतरवू नका. घोडी पडते आणि आतली आधाराची काठीही पडू शकते, ती ताणावरच उभी असते. गजाचे केस दमट हवेत लांबतात, मुलगी स्क्रू जास्त आवळणार. वाजवून झाल्यावर तो सैल करायची सवय आत्तापासूनच लावा. आवळलेला गज घेऊन ती फेब्रुवारीत आजोळी कोल्हापूरला आली, तर आकसलेल्या केसांनी गजाची काठीच वाकेल.

एखाद्या कार्यक्रमासाठी, म्हणजे देवल क्लबात किंवा गुरुजींच्या घरच्या बैठकीत वाजवायला म्हणून, सतार वर आणावीच लागली तर कार्यक्रमाच्या तीन-चार दिवस आधी आणा. पहिली रात्र पेटी बंदच राहू द्या. दुसऱ्या दिवशी झाकण बोटभर उघडं ठेवा, तिसऱ्या दिवशी पूर्ण. खोलीत पसरट पातेल्यात पाणी ठेवा, पंख्याचा झोत सतारीवर येऊ देऊ नका, उन्हाची तिरीपही नको. सिलिकाच्या पोटल्या रत्नागिरीतच काढून ठेवायच्या. सतार उतरेल-चढेल, सारखी मिळवावी लागेल. तेवढी सोसा.

राहिला सासऱ्यांचा तंबोरा. तो नेऊ नका. केसासारखी चीर म्हणजे भोपळ्यानं ताण एकदा सोडून दिलेला आहे. तो पुन्हा फुगवायचा आणि पुन्हा वाळवायचा म्हणजे ती चीर लांबवायची. मिरजेला सतार न्याल तेव्हा त्यालाही बरोबर न्या. चीर आतून कापडाची पट्टी लावून धरून ठेवता येते, ते काम कारागिराच्या डोळ्यांखाली होऊ द्या. नंतर तो कोल्हापुरातच, घरातल्या ज्या खोलीत इतकी वर्षं उभा आहे तिथंच, सुती गवसणीत राहू दे. गादीपाटाखाली दडपून नको. घरात जाऊबाई किंवा नणंद कुणी असेल तर त्यांना तुम्हीच तारा छेडायला शिकवून जा, अवघड नाही. आठवड्यातून एकदा गवसणी काढायची, कोरड्या फडक्यानं पुसायचा, पंचम, दोन्ही जोड, खर्ज अशा तारा दहा मिनिटं छेडायच्या. पंधरा दिवसांनी शिकवणीला याल तेव्हा तुम्ही स्वतः तो मिळवून ठेवा, आणि त्या चिरेच्या टोकापाशी पेन्सिलीनं बारीक खूण करून तारीख लिहा. पुढल्या खेपेला खूण ओलांडली आहे का तेवढं बघा.